अडतिसातला एक

जून २०१५मध्ये मालाडच्या मालवणीत हातभट्टीची दारू पिऊन शंभराहून अधिक माणसे गेली. दारूत मिथेनॉल होते. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल होते आणि ते डोळ्यांच्या नसांवरच घाला घालते. आधी दृष्टी अंधूक होते, मग श्वास कोंडतो. २००४मध्ये विक्रोळीतही हेच घडले होते. अशा वेळी छापे पडतात, चौकशा लागतात, मथळे गाजतात. परवाना असलेल्या दुकानातली सीलबंद दारू मात्र वर्षानुवर्षे यकृत पोखरत राहते, तिची बातमी होत नाही.

एम्सच्या व्यसनोपचार केंद्राने केंद्र सरकारसाठी केलेले सर्वेक्षण २०१९मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार १० ते ७५ वयोगटातले सुमारे १६ कोटी भारतीय दारू पितात आणि त्यातल्या ५.७ कोटींना मदतीची गरज आहे. याहून अस्वस्थ करणारा आकडा पुढे आहे. दारूवाचून ज्यांचे चालतच नाही, अशा अडतीस जणांपैकी फक्त एकाला कुठले तरी उपचार मिळतात.

उरलेल्या सदतीस जणांना घर, गल्ली, गाव एकाच नावाने ओळखते: बेवडा. सकाळी उठल्यावर त्याचे हात इतके थरथरतात की कपातला चहा बशीत सांडतो. क्वार्टर पोटात गेली की तेच हात स्थिर होतात. बघणाऱ्याला वाटते, हा माजला आहे. खरे तर त्याच्या मेंदूला दारूची इतकी सवय झालेली असते की ती एकदम तुटली, तर काहींना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भास होतात, फिट येते, वेळेवर औषध मिळाले नाही तर जीवही जातो. वारकऱ्यांची माळ घालून दारूतून सुटलेले लोक आहेत, त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण जुन्या पिणाऱ्याला डॉक्टरांशिवाय खोलीत कोंडून ‘सोडवणे’ हा जिवाशी खेळ आहे.

व्यसन हा उपचार लागणारा आजार आहे, हे ओळखणारी माणसे पुण्यात चाळीस वर्षांपूर्वी होती. लेखक अनिल अवचटांनी गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, व्यसनावर लिहिले, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला पुढे आले, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. तिथे रुग्णाला गुन्हेगार मानले नाही. औषधांइतकेच महत्त्व गटात मन मोकळे करण्याला आणि घरच्यांच्या समुपदेशनाला दिले. पुन्हा घसरलेल्यालाही दार उघडे ठेवले.

 

मग दारूबंदीचे काय? गडचिरोलीत १९९३मध्ये लोकांच्या चळवळीतून दारूबंदी आली. चंद्रपुरात २०१५मध्ये आली आणि २०२१मध्ये उठली. गावोगावच्या बायकांनी ‘आडवी बाटली’ला मतदान करून दुकाने बंद पाडली, हे धैर्य फार मोठे आहे, नवऱ्याचा मार खाऊन मतदानाच्या रांगेत उभे राहणे सोपे नसते. पण दुकान बंद झाले तरी ज्याचे हात थरथरतात तो माणूस गावातच असतो. त्याच्यासाठी तालुक्याच्या रुग्णालयात खाट, औषध आणि समुपदेशक नसेल, तर तो हातभट्टी शोधतो. बंदीच्या आदेशासोबतच उपचारांचीही तरतूद व्हायला हवी, आणि ती मागणी मतदान करणाऱ्या बायकांइतक्याच जोराने आपणही केली पाहिजे.

तोवर, घरात किंवा शेजारी कोणी अडकले असेल तर १४४४६ ही केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे. फोन घरच्यांनीही करावा. पिणाऱ्याने ‘हो’ म्हणण्याची वाट पाहू नये.