किल्टच्या निऱ्या

स्कॉटलंडच्या उत्तरेकडील पहाडी मुलखातील पुरुषांचे मूळ वस्त्र शिवलेले नव्हते, ही गोष्ट नवा कोरा किल्ट हाती घेणाऱ्याने प्रथम ध्यानात घ्यावी. सोळाव्या शतकाच्या अखेरीस जो ‘फेइला मोर’ तेथे प्रचारात होता, तो म्हणजे लोकरीचे एक लांबलचक कांबळे; निऱ्या घालून कमरपट्टा आवळला की त्याचे वस्त्र होई, आणि रात्री पट्टा सोडला की तेच पांघरूण होई. धोतराच्या निऱ्यांप्रमाणे त्याही निऱ्या रोज नव्याने घातल्या जात आणि रोज मोडत, त्यामुळे कालची घडी आज जपण्याचा प्रश्नच उद्भवत नसे. पुढे अठराव्या शतकात कमरेखालचा भाग तेवढा ठेवून ‘फेइला बेग’ रूढ झाला (त्याचे श्रेय ग्लेनगॅरीच्या परिसरात लोखंडाची भट्टी चालविणाऱ्या टॉमस रॉलिन्सन या इंग्रजाला द्यावे किंवा कसे, या प्रश्नावर अभिमानी स्कॉट मंडळी अद्याप हमरीतुमरीवर येतात), आणि त्या शतकाच्या शेवटी शिंप्याने त्या निऱ्या कायमच्या शिवून टाकल्या. किल्टच्या निगराणीचे सारे शास्त्र त्या सुईतून निर्माण झाले.

मधल्या काळात या पोशाखावर सरकारची वक्रदृष्टी झाली होती. कलोडनच्या रणांगणावर जेकोबाइटांच्या, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट घराण्याच्या पक्षपात्यांच्या, बंडाचा मोड झाल्यानंतर 1746 मध्ये जो कायदा मंजूर झाला, त्याने पहाडी पोशाख करणाऱ्यास पहिल्या गुन्ह्याबद्दल सहा महिने कैद आणि दुसऱ्याबद्दल सात वर्षे समुद्रापार हद्दपारी फर्मावली, व हा अंमल 1782 पर्यंत टिकला. सरकारी पलटणींना मात्र त्यातून माफी होती. आणि किल्टच्या जपणुकीत आजही जो काहीसा कवायती काटेकोरपणा आढळतो, त्याचे मूळ त्या पलटणींच्या तपासणीत असावे, असे मला वाटते.

चांगल्या किल्टला परंपरेने एका पन्ह्याचे आठ वार कापड लागते. हल्ली ते दुहेरी पन्ह्याचे चार वार घेऊन मधोमध फाडतात. वारी 16 औंस वजनाचे जाड कापड घेतले, तर एवढ्याचे वजन चार पौंड भरते, आणि हा भार पाहून नवखा ग्राहक हलक्या कापडाकडे वळतो. माझ्या मते ही काटकसर नव्हे, नुकसान होय. कारण निरी सरळ लोंबते ती स्वतःच्या वजनाने, आणि हलके कापड बसल्या-उठल्या चुरगळून इस्त्रीची मागणी करीत राहते. किल्टच्या निऱ्या घालताना कुशल कारागीर प्रत्येक घडीचा पट्टा असा निवडतो की, कित्येक इंच कापड आत दडूनही पाठीमागे टार्टनची चौकट अखंड दिसावी. पलटणींत मात्र प्रत्येक निरीच्या मध्यावर एकच ठळक रेघ आणण्याची चाल पडली. कमरेपासून नितंबांपर्यंतचा भाग पक्का शिवलेला असतो व त्याच्या आत कॅनव्हासचे अस्तर ताण झेलते. त्याखाली निऱ्या मोकळ्या असतात, आणि तळाला दुमड न घालता कापडाचा विणीतला काठच ठेवलेला असतो.

नवा किल्ट येतो तेव्हा त्या मोकळ्या निऱ्यांवर आडवे कच्चे टाके घातलेले दिसतात. ते शोभेचे नव्हेत. ते घातलेले ठेवून समारंभाला गेलेले वरही पाहण्यात येतात, म्हणून हे सांगावे लागते. किल्ट पट्टीच्या हँगरवर एक-दोन दिवस टांगून प्रवासातील चुण्या उतरू द्याव्यात, आणि मग हे टाके जागोजाग कात्रीने तोडून तुकड्यातुकड्याने काढावेत. एका टोकाला धरून सबंध धागा खसकन ओढला, तर लोकरीचा तंतूही त्याबरोबर उचकटतो. नेसण्याची जागा पँटच्या पट्ट्याहून बरीच वर, नाभीच्या आसपास. आतला पदर डाव्या कुशीकडे नेऊन त्याचा चामडी पट्टा तेथील फटीतून बाहेर काढायचा व बक्कल लावायचे. मग वरचा पदर उजवीकडे. गुडघे टेकून ताठ उभे राहिले असता काठ जमिनीला जेमतेम टेकावा, हा उंचीचा जुना ठोकताळा. शोभेची पिन केवळ वरच्या पदराला लावावी. दोन्ही पदर एकत्र टोचले की चालताना ताण बसून कापड फाटते. बसताना मागच्या निऱ्या हाताने सारख्या करून घ्याव्यात, आणि पुढे लोंबणाऱ्या स्पोरॅनची, म्हणजे कमरेच्या बटव्याची, पाठ अधूनमधून पाहावी, कारण तिच्यावरील धातूची टोके पदर घासून विरळ करतात.

पावसात भिजलेला किल्ट विस्तवाजवळ न नेता, निऱ्या सरळ करून हवेशीर जागी वाळवावा. डाग पडल्यास थंड पाण्याच्या बोळ्याने टिपावा, चोळू नये. धुलाई यंत्राचे तर नावच नको. इस्त्रीपूर्वी ते काढलेले कच्चे टाके पुन्हा घालणे हाच खरा उपाय. त्याचा कंटाळा करणाऱ्याच्या किल्टवर एकाच निरीला दोन-दोन घड्या पडतात. ओले फडके पसरून इस्त्री दाबावी व उचलावी, फिरवू नये, आणि शिवलेल्या वरच्या भागाला शक्यतो हात लावू नये, कारण त्याची कमरेकडे निमुळती होणारी गोलाई सपाट झाली की परत येत नाही.

कसरीचे भय सर्वांत मोठे. तिचे उडते पाखरू निरुपद्रवी असते. लोकर खाते ती अळी, आणि घाम किंवा सांडलेल्या अन्नाचा अंश असलेली जागा तिला विशेष प्रिय. म्हणून ठेवणीत टाकण्यापूर्वी किल्ट ब्रशने झटकून, डाग काढून, पूर्ण वाळवून घट्ट बंद पिशवीत घालावा. देवदाराच्या लाकडावर किंवा डांबराच्या गोळ्यांवर सर्वस्वी भिस्त ठेवू नये. अळीचा संशय आल्यास पिशवीसकट किल्ट वजा 18 अंश सेल्सियसवर दोन आठवडे ठेवणे, हा संग्रहालयांतही चालणारा मार्ग आहे. प्रवासात मात्र घडी न घालता काठापासून काठापर्यंत लांबट गुंडाळी करावी आणि ती जुन्या लांब मोज्यात सरकवावी. वयपरत्वे कंबर वाढलीच, तर तूर्त बक्कले थोडी सरकवून घ्यावीत. निऱ्या उसवण्याचा विचार त्यानंतरचा, आणि तोही किल्ट शिवणाऱ्याच कारागिराकडून.