छपराखाली रेशीम, जमिनीखाली सोरा

जपानमधल्या शिराकावा-गो या डोंगरी भागात हिवाळ्यात माणूसभर उंच बर्फ साचतो. तिथल्या ओगिमाची गावातली जुनी शेतघरं त्या बर्फाचाच विचार करून बांधलेली. छप्पर जवळपास 60 अंशांत उतरतं, त्यामुळे बर्फ फार काळ टिकत नाही. छपराच्या सांगाड्यात खिळा नाही. वासे दोरानं आणि ओल्या फांद्यांच्या पिळानं आवळलेले. वाशांची खालची टोकं पेन्सिलीसारखी तासून तुळईच्या खाचेत नुसती टेकवतात. वादळात सांगाडा थोडा हलतो, म्हणून तर मोडत नाही!

तळमजल्यावर माणसं राहत आणि वरच्या दोन-तीन माळ्यांवर रेशमाचे किडे. चुलाण्याची ऊब वर जाई, धुरानं छपराचं गवत आणि दोर किडीपासून वाचत. किड्यांची विष्ठाही वाया जात नसे. ती माती-पाल्यात मिसळून जमिनीखालच्या खड्ड्यात काही वर्षं कुजवली, की बंदुकीच्या दारूसाठी लागणारा सोरा मिळे. गावातल्या वादा घराण्यानं या सोऱ्याच्या व्यापारावर चांगलाच पैसा केला. त्यांचं घर आजही पाहता येतं.

छप्पर तीसेक वर्षांनी पुन्हा शाकारावं लागतं. त्याला सगळं गाव लोटतं, आपल्याकडच्या इरजिकीसारखं. 1995 साली ओगिमाची युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं. आता मोठी भीती आगीची. म्हणून ओगिमाचीत जागोजागी पाण्याच्या तोफा बसवल्या आहेत.