नाकातले पाणी : जलनेती करताना व पोहताना घ्यावयाची काळजी

सर्दी, पडसे, सतत चोंदलेले नाक आणि सायनसची डोकेदुखी या तक्रारी आपल्या वस्त्यांतून घरोघरी आढळतात. धूर, धूळ, दाटीवाटीची घरे आणि पावसाळ्यातील ओल ही त्याची कारणे आहेत. त्यामुळे योगवर्गात जलनेती शिकून आलेले अनेक बंधुभगिनी आता घरी नेतीपात्र बाळगतात. दुसरीकडे, मे महिन्यात मुले गावी गेली की विहीर, तळे आणि नदी त्यांना घरात बसू देत नाहीत. वरवर पाहता या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध नाही. परंतु दोन्हींत पाणी नाकात जाते, आणि नाकात जाणाऱ्या पाण्याचा विचार पिण्याच्या पाण्याहून वेगळा करावा लागतो. हा फरक प्रत्येक कुटुंबाला माहीत असावा, एवढ्याच हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

नाकाचे उपचार जुनेच

नाकावाटे उपचार करण्याची पद्धत आपल्याकडे फार प्राचीन आहे. हठयोगातील षट्कर्मांत नेतीचा समावेश आहे. विनयपिटकातील महावग्गात, भेसज्जक्खन्धकात, आयुष्मान पिलिन्दवच्छ यांच्या डोकेदुखीची हकीकत आली आहे. प्रथम डोक्याला तेल लावण्याची अनुज्ञा मिळाली. त्याने भागेना, तेव्हा नाकात औषध सोडण्याची मिळाली. औषध सांडू लागले म्हणून त्यासाठी साधन वापरण्याची, आणि दोन्ही नाकपुड्यांत ते सारखे जाईना म्हणून दुहेरी साधन वापरण्याची अनुज्ञा दिली गेली. हा उपचार पाण्याचा नव्हे, औषधाचा होता. पण अनुभव पाहून पद्धतीत सुधारणा करीत जावे, हा त्यातील धडा आजही तितकाच उपयोगी आहे. जलनेतीच्या बाबतीत आजच्या वैद्यकाने सुचविलेली सुधारणा एकच आहे : पाणी उकळून घ्या.

पिण्याचे पाणी नाकाला का चालत नाही?

आपण पाणी पितो तेव्हा ते पोटात जाते. तेथील आम्लात पुष्कळसे सूक्ष्मजीव मरतात. नाकात तशी सोय नाही. उलट नाकाच्या छताशी चाळणीसारखे सच्छिद्र, पातळ हाड असते. त्या छिद्रांतून वासाचे ज्ञान देणारे तंतू सरळ मेंदूकडे जातात. म्हणजे नाकाचा वरचा भाग मेंदूच्या अगदी शेजारी आहे.

कोमट गोड्या पाण्यात आणि तळाच्या गाळात नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा राहू शकतो. डोळ्यांना तो दिसत नाही. ऑस्ट्रेलियातील फाउलर व कार्टर या डॉक्टरांनी १९६५ साली या रोगाची माहिती प्रथम प्रसिद्ध केली. त्याला उष्णता मानवते, त्यामुळे उन्हाळ्यात तापलेले, साचलेले पाणी त्याच्या सोयीचे असते. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात तो राहत नाही. हे पाणी पोटात गेल्याने हा रोग होत नाही, आणि एका माणसापासून दुसऱ्याला तो लागत नाही. मात्र पाणी जोराने नाकात वर गेले, तर तो वासाच्या तंतूंवाटे मेंदूत शिरतो आणि मेंदूचा तीव्र दाह होतो. हा रोग अत्यंत दुर्मीळ आहे. पण झाला तर शंभरातील पंचाण्णवांहून अधिक रोगी दगावतात.

हे केवळ पुस्तकी भय नाही. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात २०११ साली दोन व्यक्तींचा या रोगाने मृत्यू झाला. दोघांनीही नळाचे पाणी न उकळता नाक धुण्यासाठी वापरले होते. पाकिस्तानात कराची शहरात पोहायला न गेलेली माणसेही या रोगाने दगावली आहेत. तेथे नमाजापूर्वी हातपाय धुताना नाकात पाणी ओढले जाते, त्याकडे डॉक्टरांनी लक्ष वेधले. आपल्या देशात केरळ राज्यात २०२४ साली मेंदूच्या अमीबाजन्य दाहाने काही मुले दगावली. त्याच वर्षी जुलै महिन्यात कोझिकोड जिल्ह्यातील एक १४ वर्षांचा मुलगा मात्र वाचला, कारण रोग लवकर ओळखला गेला व लगेच उपचार सुरू झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये केरळ सरकारने विहिरी व पाण्याच्या टाक्या स्वच्छ करून त्यांत क्लोरीन टाकण्याची मोहीम हाती घेतली.

जलनेती करताना

१. पाणी खळखळून उकळू द्यावे. उकळी फुटल्यावर किमान एक मिनिट, शक्यतो तीन मिनिटे ते तसेच ठेवावे. मग झाकून कोमट होऊ द्यावे. नुसते गरम केलेले किंवा गीझरचे पाणी म्हणजे उकळलेले पाणी नव्हे. निववण्यासाठी त्यात नळाचे गार पाणी मिसळले, तर उकळण्याचा सारा खटाटोप वाया जातो.

२. पाणी गाळून घेतले, तुरटी फिरवली किंवा घरच्या फिल्टरमधून काढले, एवढ्यावर विसंबू नये. उकळलेले पाणी झाकून ठेवावे आणि एका दिवसाच्या आत वापरावे.

३. एक लिटर पाण्यास सुमारे नऊ ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट दीड चमचा मीठ घालावे. आपल्या रक्तातील क्षाराचे प्रमाण साधारण इतकेच असते, त्यामुळे नाक चुरचुरत नाही. मीठ घातल्याने पाणी निर्जंतुक होते, असा समज मात्र बाळगू नये.

४. पुढे वाकून मान एका बाजूस कलती करावी. वरच्या नाकपुडीत पात्राची तोटी हलकेच लावून तोंडाने श्वास घेत राहावे. पाणी खालच्या नाकपुडीतून आपोआप येते. ते जोराने आत ओढू नये. नंतर पुढे वाकूनच नाक हलकेच शिंकरावे. दोन्ही नाकपुड्या दाबून जोर केल्यास पाणी कानाकडे जाते.

५. नेतीपात्र प्रत्येकाचे वेगळे असावे. वापरानंतर ते उकळलेल्या पाण्याने धुऊन कोरडे करावे.

६. कान दुखत असेल, नाकातून रक्त येत असेल, नाक पूर्ण बंद असेल किंवा नाकाची शस्त्रक्रिया झालेली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नेती करू नये. लहान मुलांवर तर हा प्रयोग स्वतःच्या मनाने मुळीच करू नये.

पोहताना

अमीबाची भीती घालून मुलांना पाण्यापासून तोडावे, असे आमचे म्हणणे नाही. उलट प्रत्येक मुलामुलीला पोहता आलेच पाहिजे. आपल्या देशात दरवर्षी तीस हजारांहून अधिक माणसे पाण्यात बुडून मरतात. त्या मानाने अमीबाचे रोगी फारच थोडे आहेत. म्हणून पहिली काळजी बुडण्याची, दुसरी नाकाची.

अनोळखी विहिरीत, डोहात वा शेततळ्यात एकट्याने उतरू नये. शेततळ्याचे प्लास्टिक इतके निसरडे असते की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही काठावर चढता येत नाही. खोली ठाऊक नसेल तेथे सूर मारू नये, मान मोडते. शिकणाऱ्याच्या कमरेला डबा किंवा भोपळा बांधला असला, तरी जाणता माणूस पाण्यात हाताच्या अंतरावर हवाच. दारू पिऊन पाण्यात उतरणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण होय. पुराच्या पाण्यात आणि पावसाळ्यातील समुद्रात पोहण्याची हौस धरू नये.

साचलेल्या, कोमट, शेवाळलेल्या पाण्यात पोहणे टाळावे. तेथे उतरावेच लागले तर डोके वर ठेवावे, मुटका व बुडी मारू नये, तळचा गाळ ढवळू नये. उडी मारताना नाक चिमटीत धरावे किंवा नाकाची क्लिप लावावी. तरणतलावात क्लोरीन नियमित टाकतात की नाही, याची चौकशी करावी. तळाची फरशी स्वच्छ दिसत नसेल तर त्या पाण्यात उतरू नये.

कोणी बुडताना दिसल्यास पोहता न येणाऱ्याने मागोमाग उडी टाकू नये. अशाने एकाऐवजी दोन जीव जातात. दोर, काठी, साडी, रिकामा डबा, हाताला लागेल ते त्याच्याकडे टाकावे आणि आरडाओरड करावी. बाहेर काढल्यावर त्याला उलटे टांगणे, गरगर फिरवणे, पोट दाबणे हे जुने उपाय करू नयेत. त्यात मोलाचा वेळ जातो. श्वास बंद असेल तर प्रथम तोंडाने श्वास द्यावा. मग छातीच्या मध्यभागी ३० वेळा जोराने दाबून दोन वेळा श्वास द्यावा, आणि हे मदत येईपर्यंत चालू ठेवावे. दरम्यान दुसऱ्याने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

ताप आल्यास

पोहल्यानंतर किंवा न उकळलेल्या पाण्याने नाक धुतल्यानंतर एक ते बारा दिवसांत तीव्र डोकेदुखी, ताप, उलट्या, मान ताठणे, बरळणे किंवा झटके यांपैकी काही झाले, तर वेळ न दवडता मोठे रुग्णालय गाठावे. अंगारेधुपारे, उतारे यांत एक तासही घालवू नये. ही लक्षणे मेंदूच्या आवरणाच्या नेहमीच्या दाहासारखीच दिसतात, आणि त्यावरील नेहमीची औषधे अमीबावर चालत नाहीत. म्हणून डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता आपणच सांगावे, 'मूल अमुक दिवशी अमुक पाण्यात पोहले होते, नाकात पाणी गेले होते.' या एका वाक्यावरून मणक्यातील पाण्याची योग्य तपासणी होते आणि काळा आजारावरील मिल्टेफोसीनसारखे औषध वेळेवर सुरू करता येते.

यातील बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही. पातेलेभर पाणी उकळावे लागते, मुलांबरोबर काठावर एक मोठे माणूस उभे राहावे लागते आणि डॉक्टरांपुढे न संकोचता बोलावे लागते. हे वाचून झाल्यावर स्मरणिका कपाटात न ठेवता गावच्या पत्त्यावर धाडावी, अथवा मुले सुट्टीवर निघण्यापूर्वी घरात मोठ्याने वाचून दाखवावी, अशी आमची सर्व बंधुभगिनींना विनंती आहे.