धडधड थांबवू नका, वळवा

मंडळी, सुरुवात नांदेडपासूनच करू. २८ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस पॅरालिम्पिकच्या उद्घाटनाला तिरंगा ज्या दोघांच्या हातात होता, त्यांतल्या एक आपल्या नांदेडच्या भाग्यश्री जाधव. दुसरे भालाफेकपटू सुमित अंतिल. पुढे गोळाफेकीच्या एफ-३४ गटात भाग्यश्रीताई ७.२८ मीटर फेक करून पाचव्या आल्या.

आता हा प्रकार कसा असतो बघा. खेळाडू जमिनीला पक्क्या बांधलेल्या आसनावर बसून गोळा फेकतो. उभ्यानं फेकणाऱ्यांसारखी एकेक फेकीनंतर विश्रांती नाही. फेका सलग, एकामागून एक. एखादी बिघडली तर हळहळायला वेळच नाही. शिवाय या गटातल्या खेळाडूंना स्नायूंच्या ताठरपणाचा, हालचालींचा मेळ न बसण्याचा त्रास असतो. मनावर ताण आला की हा ताठरपणा आणखी वाढतो. म्हणजे भीती नुसती मनात राहत नाही, थेट दंडात उतरते.

मग करायचं काय? आपल्याकडे तालमीत, मैदानावर पोरांना एकच सांगतात, ‘घाबरू नको!’ पण भीती हुकमानं जात नाही. मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांनी १९९८ मध्ये प्रयोगातून दाखवलं, की भावना दाबली तर चेहऱ्यावर दिसत नाही, पण शरीरावरचा ताण उलट वाढतो. प्रसंगाकडे बघण्याची दृष्टी बदलली, तर मात्र भावनाच सौम्य होते. धडधड तीच, ‘मी घाबरलोय’ म्हणायचं की ‘अंग तयार झालंय’ म्हणायचं, एवढाच फरक.

दुसरी गोष्ट श्वासाची. सावकाश सोडला की ठोके मंदावतात. तिसरी, लक्ष निकालावर नको, पुढच्या एका कृतीवर हवं.

आणि थंड डोकं सगळ्यांनाच मानवतं असं नाही, बरं का! युरी हानिन या अभ्यासकाचं म्हणणं असं, की प्रत्येक खेळाडूची उत्तम खेळाची पातळी वेगळी. कुणी पेटल्यावर खेळतो, कुणी शांत असताना. ज्यानं त्यानं आपली ओळखायची आणि सरावातच घोटून घ्यायची. सामन्याच्या दिवशी हे नव्यानं शिकता येत नाही.

लातूरच्या पालकांनो, नीटच्या पेपरला बसणाऱ्या लेकराचीही धडधड हीच असते. त्याला ‘घाबरू नको’ म्हणण्याआधी एकदा विचारा, ‘छातीत धडधडतंय का रे?’ आणि उत्तर मध्येच न तोडता ऐकून घ्या.