पंच व्हायचे तर
क्रिकेटच्या पंचाची कारकीर्द परीक्षेच्या हॉलमध्ये सुरू होते. बुलढाणा तालुक्यातल्या धाडसारख्या गावातून या वाटेला लागायचे तर पहिले दार नागपूरचे, म्हणजे विदर्भ क्रिकेट संघटनेचे. तिथली परीक्षा पार करायची, स्थानिक सामने करत अनुभव गाठीशी बांधायचा आणि मग बीसीसीआयच्या परीक्षेला बसायचे. क्रिकेटचे नियम अवघे 42. पण पोटकलमे इतकी की मुरलेला खेळाडूही अडखळतो.

महिला व कनिष्ठ गटाच्या सामन्यांसाठी 2022 मध्ये अहमदाबादला झालेली परीक्षाच पाहा. लेखी 100 गुण, तोंडी आणि व्हिडिओ चाचणी प्रत्येकी 35, शारीरिक क्षमता 30. पात्रतेला 200 पैकी 90 पुरेसे होते. तरी सुमारे 140 उमेदवारांतून तिघेच पार पडले. एक प्रश्न असा: खेळपट्टीवर पॅव्हेलियनची, झाडाची किंवा क्षेत्ररक्षकाची सावली पडते आणि फलंदाज तक्रार करतो; काय कराल? पॅव्हेलियन आणि झाडाची सावली मनावर घ्यायची नाही. क्षेत्ररक्षकाला मात्र स्थिर राहायला सांगायचे. तरीही तो हलला तर ‘डेड बॉल’.

पुढे श्रेणी चढत रणजीपर्यंत जाता येते. विदर्भाकडून प्रथम श्रेणी क्रिकेट खेळलेले उल्हास गंधे 2022 मध्ये बीसीसीआयच्या ‘ए प्लस’ श्रेणीत होते. त्या वेळी वरच्या दोन श्रेणींना प्रथम श्रेणी सामन्याचे दिवसाला 40,000 रुपये मिळत, खालच्यांना 30,000. मोठा खेळाडू असण्याची अट मात्र नाही. वृंदा राठी मुंबईत स्कोअरर होत्या. न्यूझीलंडच्या पंच कॅथी क्रॉस यांना पाहून त्या इकडे वळल्या आणि जानेवारी 2023 मध्ये रणजी सामन्यात मैदानावर उभ्या राहिल्या. रणजीत महिला पंच प्रथमच दिसल्या त्या याच मोसमात.

अमेरिकेतल्या बेसबॉल पंचाची चढण याहून खडी. मायनर लीगची एकेक पायरी चढण्यात वर्षे जातात आणि मेजर लीगमध्ये कायम जागा जेमतेम 76. जेन पावोल 2016 मध्ये मायनर लीगमध्ये आल्या. मेजर लीगच्या नियमित सामन्यात पहिली महिला पंच म्हणून त्यांना संधी मिळाली ती ऑगस्ट 2025 मध्ये.

गावोगावच्या टेनिस बॉल स्पर्धांत पंच बहुधा फलंदाजी करणाऱ्या संघातलाच असतो, त्यामुळे पायचीत देण्याच्या भानगडीत कुणी पडत नाही. ज्याला खरोखर पंच व्हायचे आहे, त्याने नियमांचे पुस्तक वाचून आधी तिथेच उभे राहावे.