विद्युत सुपरचार्जर
विद्युत सुपरचार्जर हे विजेच्या मोटरद्वारे इंजिनात दाबयुक्त हवा भरणारे उपकरण होय. ऑडीने २०१६ मध्ये एसक्यू७ या मोटारीत ४८ व्होल्टच्या प्रणालीवर चालणारा ७ किलोवॅटचा असा संपीडक बसविला. सुटे मिळणारे १२ व्होल्टचे स्वस्त पंखे मात्र नावापुरतेच सुपरचार्जर ठरतात. १.२ लिटरचे इंजिन मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर सुमारे ३,६०० लिटर हवा ओढते. तिचा दाब ०.३ बारने वाढविण्यास सुमारे ३ किलोवॅट, म्हणजे १२ व्होल्टवर २५० अँपिअर लागतात. लहान मोटारीचा अल्टरनेटर जेमतेम १ किलोवॅट देतो. दुर्बळ पंखा उलट हवेची वाटच अडवतो.

जळगाव-धुळ्याच्या ४५ अंश उन्हात हवेची घनता २५ अंशांच्या तुलनेत सुमारे ६ टक्क्यांनी घटते व इंजिन मंदावते, त्यामुळे असा मोह स्वाभाविक आहे. परंतु दाबलेली हवा आणखी तापते आणि पेट्रोल इंजिनात ठोके पडण्याची शक्यता वाढते.