केंद्रक नसलेल्या पेशीचं दुखणं

तळ्यातल्या रोहूचं थेंबभर रक्त काचपट्टीवर पसरून रंगवलं, तर सूक्ष्मदर्शकाखाली लंबगोल तांबड्या पेशी दिसतात आणि प्रत्येकीच्या मधोमध एक गडद ठिपका. हे केंद्रक. माणसाच्या तांबड्या पेशी गोल, मध्ये खोलगट; ठिपका नाही. रामटेक तालुक्यात, देवलापारकडच्या गावांत सिकलसेलचं जे दुखणं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, ते समजायला या रिकाम्या जागेपासून सुरुवात करावी लागते.

आपली तांबडी पेशीही आधी केंद्रकवालीच असते. हाडांतल्या मगजात ती वाढते, हिमोग्लोबिन भरत जातं, तसं केंद्रक आक्रसतं, कडेला सरकतं आणि शेवटी पातळ आवरणासकट बाहेर टाकलं जातं. भक्षक पेशी ते गिळतात. निरोगी प्रौढ माणसात दर सेकंदाला वीस लाखांवर केंद्रकं अशी बाहेर पडतात! त्यानंतर पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात आणि स्वतःपेक्षा अरुंद केशवाहिनीतून ती दुमडून निघू शकते. पण भाजून झालेल्या भाकरीत मीठ कालवता येत नाही, तसं या पेशीत पुढे काही सुधारता येत नाही. उरतात साधारण १२० दिवस.

सिकलसेलमधली चूक अकराव्या गुणसूत्रावरच्या एका अक्षराची. तिची आज्ञा निघते केंद्रकातून, भोगते मात्र केंद्रक गमावलेली पेशी. प्राणवायू सोडला की बिघडलेल्या हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून त्यांचे दोरे बनतात, पेशी विळ्यासारखी वाकते, वाहिनी तुंबते आणि हाडं ठणकू लागतात. अशी पेशी जेमतेम १०-२० दिवस टिकते. ही चूक आई-वडिलांपैकी एकाकडूनच आलेल्या माणसाला, म्हणजे वाहकाला, सहसा त्रास नसतो. उलट जीवघेण्या मलेरियापासून त्याला बरंच संरक्षण मिळतं. जंगलपट्ट्यात ही चूक टिकून राहिली ती बहुधा त्यामुळेच.

भारतात हा दोष १९५२ मध्ये निलगिरीत सापडला. नागपूरचे शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मध्य भारतातल्या वाहकांची नोंद केली. गावातल्या तपासणी शिबिरात आधी होते ती विद्राव्यता चाचणी: द्रावण गढूळ झालं की संशय. पण माणूस वाहक की रुग्ण, हे तिच्यातून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते. जनुकीय तपासणी करायची तर गंमतच आहे: डीएनए मिळतो पांढऱ्या पेशींतून, कारण तांबड्यांत तो उरलेलाच नसतो.

उपचारालाही हाच नियम लागू. हायड्रॉक्सीयुरिया रक्तात फिरणाऱ्या पेशी दुरुस्त करत नाही. मगजात नव्या पेशी घडताना गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन वाढवतं. ब्रिटन आणि अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळालेल्या कॅसजेव्ही या जनुकीय उपचारपद्धतीत मूळपेशी शरीराबाहेर काढून त्यांच्या केंद्रकातला एक जनुकीय खटका बदलतात. साधतात तेच, पण कायमचं. अमेरिकेतली तिची किंमत आहे २२ लाख डॉलर. त्यामुळे दोन वाहकांना लग्नाआधी, निदान गरोदरपणाच्या सुरुवातीला, आपली स्थिती कळणं हाच इथला परवडणारा उपाय. त्यांच्या प्रत्येक मुलाला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते.